भावोजींचं बिनतारी खातं

आमच्या भावोजींनी टेलिफोन खात्यात एकतीस वर्षं नोकरी केली आणि त्या एकतीस वर्षांत एकही टेलिफोन दुरुस्त केला नाही. पहिली गोष्ट ते स्वतः सांगतात. दुसरी मला ताईनं, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीनं, तिच्या लग्नानंतर पंधराएक वर्षांनी सांगितली. भावोजी भांडारात होते. जाळीच्या खिडकीपलीकडे लाइनमन उभा राहून तारेचं भेंडोळं मागायचा आणि अलीकडून भावोजी विचारायचे, "कशाला?" मागणीपत्रावर तीन सह्या असल्या तर चौथी कुठाय म्हणायचे. चौथी घेऊन येईतो जेवणाची सुट्टी झालेली असायची. भांडारातली वस्तू द्यायची नसते, सांभाळायची असते, हे त्यांचं तत्त्व. निवृत्तीच्या दिवशी साहेब भाषणात म्हणाले, "यांनी खात्याची तार कधी कमी होऊ दिली नाही." साहेबांनी टोमणा मारला होता. भावोजी ते वाक्य आजही प्रशस्तिपत्रासारखं ऐकवतात.

इमारतीत मात्र 'टेलिफोन खात्यातला माणूस' एवढ्यावर त्यांचा दबदबा. कुणाचा टीव्ही मुंग्या दाखवायला लागला, कुणाची दारावरची घंटा वाजेना, की बोलवा त्यांना. ते जायचे, मागे हात बांधून वस्तूकडे बघायचे आणि "माल हलका आहे" म्हणून चहा पिऊन परत यायचे. वस्तू पुढे दुसरं कुणीतरी दुरुस्त करायचं, पण निदान यांचं धरलं जायचं.

दोन वर्षांपूर्वी घरात वायफाय आलं तेव्हा भावोजींच्या अंगात पुन्हा खातं संचारलं. "मेव्हणेबुवा," ते मला म्हणाले, "तारेत एकतीस वर्षं काढली मी. बिनतारी म्हणजे काय? त्यातनं तार वजा करायची. काम निम्मं झालं की!"

जोडणी करायला आलेल्या माणसाला त्यांनी चार तास सोडलं नाही. पासवर्ड फुटला तर काय? शेजाऱ्यानं भिंतीला कान लावला तर काय? तो बिचारा पिच्छा सुटावा म्हणून हे म्हणतील त्याला हो म्हणत गेला, राउटरमध्ये काय काय लावत गेला आणि जाताना पाणीसुद्धा न पिता गेला. त्यानंतर भावोजींनी राउटर लोखंडी कपाटात, रजयांच्या वरच्या कप्प्यात ठेवला, कपाटाला कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला. वायरसाठी कपाटाच्या पाठीला भोक पाडलं तेवढंच.

पासवर्ड सत्तावीस अक्षरांचा. तो भावोजींशिवाय कुणाला ठाऊक नाही. पाहुण्यानं नेट मागितलं की आधी चौकशी: कशासाठी, किती वेळ, मोबाइलनं भागत नाही का. एकदा त्यांची धाकटी बहीण चिडली, "दादा, मी तुझी सख्खी बहीण आहे!" भावोजी म्हणाले, "सख्ख्या-चुलतीचा प्रश्न नाही, नियमाचा आहे." मग सगळ्यांनी भिंतीकडे तोंड करायचं, आणि भावोजी एका बोटानं, प्रत्येक अक्षर ओठांत पुटपुटत, सत्तावीस अक्षरं टाइप करायचे. एवढं होऊन नेट लागायचं का? नाही. दोन वर्षांत एकाही पाहुण्याचा फोन त्या घरात लागला नाही. भावोजी फोन उलटापालटा करून बघायचे आणि सहानुभूतीनं परत द्यायचे. "माल हलका आहे." माझाही लागला नाही. मी छापखान्यात मुद्रितं तपासतो, दुसऱ्यांच्या चुका शोधणं हाच माझा धंदा. पण भावोजींवर विश्वास ठेवून मी चांगला चालता फोन टाकून नवा घेतला. तोही लागला नाही.

तर भाची. ताई-भावोजींची एकुलती एक मुलगी, शिक्षणासाठी चार वर्षं बाहेर होती, ती नुकतीच परत आली होती, दोन बॅगा अजून दिवाणखान्यातच. कमी ऐकू येणाऱ्यांसाठी कानात घालायची यंत्रं बनवणाऱ्या एका कंपनीनं तिला घेतलं होतं. यंत्रातून आवाज कसा येतो ते दिवसभर ऐकून तपासायचं, आणि तेही घरी बसून. अट एवढीच, की सोमवारी सकाळी दहाच्या पहिल्या बैठकीला कंपनीनं पाठवलेल्या लॅपटॉपवरून हजर राहायचं आणि घरचं पक्कं नेट हवं. आवाजाच्या फायली मोठ्या असतात, फोनच्या नेटवर काम चालणार नाही. शुक्रवारी दुपारी लॅपटॉप आला. भाचीनं मलाही बोलावलं होतं, कौतुकानं.

ताई शुक्रवारपासून रविवारी दुपारपर्यंत रुग्णालयातच होती. ती वॉर्डची सिस्टर. दोघी परिचारिका आजारी पडल्यानं हिच्या पाळ्या दुप्पट झाल्या होत्या. म्हणजे मैदान मोकळं होतं.

भाचीनं लॅपटॉप उघडला. यादीत घरच्या नेटचं नाव आलं, शेजारी सिग्नलच्या पट्ट्या पूर्ण भरलेल्या. भिंतीकडे तोंड करायचा कार्यक्रम झाला. सत्तावीस अक्षरं झाली. लॅपटॉपवर गोल फिरत राहिलं आणि मग ओळ आली: या नेटवर्कशी जोडता येत नाही.

"पुन्हा घालते, बाबा. सांगा मला."

"सांगायचा नसतो. मी घालतो."

चार वेळा घातला. पाचव्यांदाही तीच ओळ आली. मग त्यांनी लॅपटॉप उचलला आणि घरभर फिरवायला सुरुवात केली. स्वयंपाकघरात, न्हाणीघराच्या दारात, गॅलरीत. शेवटी स्टुलावर चढून त्यांनी तो छताला टेकवला.

"बाबा, सिग्नल पूर्ण आहे," खालून भाची म्हणाली. "पट्ट्या भरलेल्या दिसतायत ना!"

"दिसायला पूर्ण आहे. आतून पोकळ आहे."

"मी एकदा माझ्या फोनच्या नेटला जोडून बघू? म्हणजे लॅपटॉप बरा आहे की नाही ते तरी कळेल."

"खबरदार! एकदा फोनच्या नेटची चटक लागली की तो घरच्या नेटला तोंड लावणार नाही."

भाचीनं माझ्याकडे बघितलं. मला ते बोलणं अडाणी वाटलं, हे मी शपथेवर सांगतो. पण मी नुसती मान हलवली, आणि ती हलवणी होकाराची की नकाराची हे माझं मलाही ठरवता आलं नाही.

शनिवारी भावोजींचा निष्कर्ष निघाला: अडचण भिंतीची आहे. कपाट आतल्या खोलीत, लॅपटॉप बाहेर, मधे नऊ इंची भिंत, लहरी दमतात. कपाटातून राउटर बाहेर काढावा असं कुणाच्या मनात आलं असेल तर ते कुणी बोललं नाही. दहा वाजता मिस्त्री ड्रिल घेऊन हजर.

"भोक कशाला पाडायचं, साहेब? पाइप जाणारे का?"

"लहरी जाणारेत."

मिस्त्री अनुभवी होता. तो हसला नाही. "किती इंची पाडू?"

भावोजी विचारात पडले. "लहर किती जाड असते त्यावर आहे ते."

"माझ्याकडे एक इंची बिट आहे."

"बसेल," भावोजी म्हणाले.

पाऊण तास घर हादरत होतं. भोक पडलं. लाल भुगा भाचीच्या दोन्ही बॅगांवर, लॅपटॉपच्या बटणांवर आणि माझ्या चहात बसला. भावोजींनी भोकाला आधी डोळा लावला, मग कान लावला, मग समाधानानं म्हणाले, "आता मोकळं वाटतंय." लॅपटॉपवर तीच ओळ आली: या नेटवर्कशी जोडता येत नाही.

तोवर भाचीनं कंपनीच्या मदत केंद्राला फोन लावला होता. पलीकडची बाई गोड आवाजाची आणि शिस्तीची. लॅपटॉप बंद करून चालू केलात का? केला. विमानाचं चिन्ह असलेलं बटण दाबलं गेलं नाही ना? नाही. नेटवर्क विसरायला सांगून नव्यानं जोडलंत का? जोडलं. भाचीनं फोन स्पीकरवर टाकला होता, तो भावोजींनी हातात घेतला.

"नमस्कार. मी स्वतः खात्यातला माणूस आहे. एकतीस वर्षं."

"हो काका. एकदा दुसऱ्या कुठल्या तरी नेटवर्कला जोडून बघता का? म्हणजे दोष लॅपटॉपचा आहे की नेटवर्कचा ते समजेल."

भावोजींचा चेहरा असा झाला जणू तिनं त्यांच्या कुळाचा उद्धार केला. "घरचं असताना मुलीला दुसऱ्याच्या दारात पाठवू? काय शिकवतात तुम्हाला तिथे?" आणि फोन ठेवून दिला.

भाची आत गेली आणि तिनं दार लावून घेतलं.

रविवारी सकाळी बातमी इमारतभर झाली होती. तळमजल्यावरचे निवृत्त बँकवाले आले, त्यांनी राउटर उत्तरेला तोंड करून ठेवायला सांगितलं. दुसऱ्या मजल्यावरच्या शिकवणीवाल्या बाई आल्या, त्यांच्या मते सगळा दोष मायक्रोवेव्हचा. या घरात मायक्रोवेव्ह नाही असं कळल्यावर त्या म्हणाल्या, मग शेजाऱ्यांचा असेल. एक जण नुसताच भोक बघायला आला होता. सगळ्यांना चहा मी करत होतो, कारण माझ्याकडे दुसरं काम नव्हतं आणि पळून जायला निमित्त नव्हतं.

भाची माझ्यामागे स्वयंपाकघरात आली. डोळे सुजलेले. "मामा, उद्या मी तुझ्याकडे येऊन बसू का? तुझ्याकडे नेट आहे ना?"

"ये की," मी म्हटलं.

भावोजींना ते ऐकू गेलं. चाळीस वर्षांपूर्वी तारेचं भेंडोळं मागणाऱ्या लाइनमनकडे बघत असतील तसे ते माझ्याकडे बघायला लागले. "माझ्या घरात नेट असताना माझी मुलगी मामाच्या घरी नोकरी करणार? इमारतीत मी तोंड कसं दाखवू?" आणि बँकवाले, शिकवणीवाल्या बाई, भोक बघायला आलेला, सगळ्यांनी माना डोलावल्या. मी साखरेचा डबा जागेवर ठेवला आणि म्हणालो, "नाही, मी आपलं सहज म्हटलं."

तीनच्या सुमाराला ताई आली. पायांतल्या चपला काढल्या, भिंतीतल्या भोकाकडे बघितलं, बेसिनवर कोपरापर्यंत हात धुतले. मग खुर्ची ओढून लेकीसमोर बसली.

"कधीपासून?"

"शुक्रवारपासून," भाची म्हणाली.

"ताप एकट्यालाच आहे की सगळ्या वॉर्डला?"

"म्हणजे?"

"म्हणजे नेट याच लॅपटॉपला लागत नाही की कशालाच लागत नाही?"

तीन दिवसांत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. ताईनं स्वतःचा मोबाइल काढला. घरच्या नेटवर तो झक्क चालत होता. भिंतीवरचा टीव्ही चालत होता. ताईचा जुना लॅपटॉप, ज्यावर ती पाळ्यांचे तक्ते करते, तोही चालत होता.

"म्हणजे हवा-पाणी ठीक आहे. आता पेशंट बघू." तिनं आपल्या फोनचं हॉटस्पॉट चालू केलं, आठ अंकांचा आकडा मोठ्यानं सांगितला, भाचीनं तो घातला आणि तो मुर्दाड लॅपटॉप दोन सेकंदांत जोडला गेला.

"अगं, त्याला चटक लागेल..." भावोजी म्हणाले.

"अहो, तुम्ही जरा बसा." वॉर्डात नातेवाइकांना सांगतात त्या आवाजात. भावोजी बसले. "पेशंट ठणठणीत आहे, हवा-पाणी ठीक आहे. मग दारावर कुणीतरी अडवतंय त्याला. आमच्या वॉर्डात नवीन मशीन आलं की आधी त्याचा नंबर यादीत घालावा लागतो, नाहीतर तिथलं नेट त्याला उभं करत नाही. दर दोन महिन्यांनी बघते मी. किल्ली द्या."

"कसली?"

"कपाटाची."

किल्ली कमरेवरून निघायला वेळ लागला. ताईनं राउटर रजयांच्या कप्प्यातून काढून टेबलावर ठेवला. त्याच्या पोटावरच्या छापील माहितीवर भावोजींनी कागद चिकटवला होता. तो तिनं नखानं खरवडून काढला, खाली छापलेला पत्ता आपल्या जुन्या लॅपटॉपवर घातला आणि राउटरचं आतलं पान उघडलं. तिथे पुन्हा पासवर्ड मागितला.

"हा वेगळा असतो. सांगा."

"मी घालतो. तुम्ही सगळे भिंतीकडे..."

"सांगा."

खोलीत अजून बँकवाले होते, बाई होत्या, मी होतो. भावोजींनी अगदी बारीक आवाजात सांगितलं. तो पासवर्ड होता 'पासवर्ड'. कारखान्यातून आला तसाच. पुढच्या दाराला सत्तावीस कुलुपं आणि मागचं दार नुसतं लोटलेलं. घरच्या नेटवरून कुणालाही तिथे शिरता आलं असतं. दोन वर्षांत कुणी शिरलं नाही, कारण सगळ्यांना वाटत होतं की आत टेलिफोन खात्यातला माणूस आहे.

ताईनं दोन-तीन पानं उलटली आणि थांबली. पडद्यावर लिहिलं होतं: फक्त यादीतील उपकरणांना प्रवेश. त्यापुढे बरोबरची खूण. खाली यादीत चार नावं. टीव्ही, भावोजींचा मोबाइल, ताईचा मोबाइल, जुना लॅपटॉप.

दोन वर्षांत त्या घरात भिंतीकडे तोंड करून उभे राहिलेले सगळे पाहुणे माझ्या डोळ्यांसमोरून गेले. त्यात मी दोनदा होतो, जुन्या फोनसह आणि नव्या फोनसह. पासवर्ड दरवेळी बरोबर होता. आत शिरायची परवानगीच नव्हती.

"त्या जोडणीवाल्याला मीच सांगितलं होतं वाटतं," भावोजी म्हणाले. "सुरक्षेसाठी."

"कुणापासून?" भाचीनं विचारलं. तिचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं.

प्रत्येक यंत्राला आपला एक लांबलचक क्रमांक असतो. भाचीनं तो नव्या लॅपटॉपमध्ये शोधून अक्षर अक्षर वाचला, ताईनं यादीत घातला. मग एकदा शेवटचं सत्तावीस अक्षरांचं पारायण झालं, पण या वेळी ताई म्हणाली, "मोठ्यानं," आणि भावोजींना ते मोठ्यानं म्हणावं लागलं. त्यात त्यांचा कर्मचारी क्रमांक होता, भांडाराच्या गाळ्याचा क्रमांक होता आणि निवृत्तीची तारीख होती. लॅपटॉप जोडला गेला. शिकवणीवाल्या बाईंनी टाळ्या वाजवल्या. ताईनं आतलं पान बंद करण्याआधी यादीची खूण काढून टाकली आणि दोन्ही पासवर्डही बदलले. कोणते ठेवले ते तिनं फक्त लेकीला सांगितलं.

दहा मिनिटांत भावोजी सावरले. जिन्यात बँकवाल्यांना त्यांचं सांगणं माझ्या कानांवर आलं: "मी शुक्रवारीच म्हणालो होतो, लॅपटॉपमध्ये दोष नाही. आपली यंत्रणाच इतकी कडक आहे की..."

ताई स्वयंपाकघरात कप विसळत होती. मी म्हणालो, "तू त्यांना काहीच कसं बोलली नाहीस? मुलीची नोकरी गेली असती!"

"तीस वर्षं लोक त्यांच्या खिडकीपुढे उभे राहायचे," ती म्हणाली. "आता त्यांच्याकडे काही मागायला कोण येतं? एक पासवर्ड होता." तिनं कप उपडा ठेवला. "त्यांचं मला कळतं. तुझं नाही कळत. तू तीन दिवस इथे बसला होतास. भाचीनं तुला विचारलंसुद्धा. तुझ्या तोंडात काय होतं?"

तोंडात लाल भुगा होता असं म्हणावंसं वाटलं. म्हणालो नाही.

सोमवारी ताई पाळीवर गेली. दहाला पाच कमी असताना भाची केस विंचरून लॅपटॉपपुढे बसली आणि नेट लागलेलं होतं. पडद्यावर सहा चेहरे आले. कंपनीतल्या प्रमुख बाईंनी सहज विचारलं, "जोडणीला काही त्रास नाही ना झाला?" भाची बोलणार तेवढ्यात तिच्या खांद्यामागून इस्त्रीचा शर्ट घातलेले भावोजी वाकले आणि म्हणाले, "नमस्कार. तांत्रिक बाजू मी बघतो. निश्चिंत असा." प्रमुख बाई हसून म्हणाल्या, "वा, घरातच तज्ज्ञ आहेत!" भाचीनं एक क्षण डोळे मिटले. मग म्हणाली, "हो. आई रुग्णालयात असते, ती बघते." भावोजींना ते ऐकू आलं की नाही, कळलं नाही. ते तसेच हसत, वाकलेले राहिले, भाचीनं कॅमेरा किंचित वळवेपर्यंत.

तीन महिन्यांनी भाचीची नोकरी कायम झाली. ती आता तीन बस थांबे पलीकडे भाड्याच्या दोन खोल्यांत राहते आणि रविवारी जेवायला येते.

इमारतीनं मात्र यातून धडा घेतला. घरोघरी वेगळं नेट घेण्यापेक्षा सगळ्यांनी मिळून एकच मोठी जोडणी घ्यावी असा ठराव सभेत आला, आणि तिची देखरेख कुणी करायची हा प्रश्न निघाला. तळमजल्यावरचे बँकवाले उभे राहिले आणि म्हणाले, आपल्यात टेलिफोन खात्यातला माणूस असताना बाहेरचा कशाला? भावोजींनी दोन वेळा नाही म्हटलं आणि तिसऱ्यांदा कुणी विचारायच्या आत हो म्हटलं. ताई त्या दिवशी पाळीवर होती. ठराव एकमतानं मंजूर झाला. हात वर करणाऱ्यांत मी नव्हतो, कारण मी त्या इमारतीत राहत नाही. राहत असतो तर केला असता.